एकसष्ट सालचं पान

१२ जानेवारी १९८८, मंगळवार

उणे चौतीस. इंजिन गोठू नये म्हणून रात्रभर वीज जोडून ठेवली होती, तरी गाडी रडतखडतच सुरू झाली. ऑफिसात पोचले तर टेबलावर आइस हॉकी लीगचं पत्र. पुढच्या हंगामापासून विभाग बंद. ना पार्कलँड, ना दक्षिण. उरलेले सात संघ एकाच यादीत खेळणार. सहा गावांनी मिळून आमचा पार्कलँड विभाग उभा केला होता. तीन गावं आधीच गळाली, आता उरलेल्या तिन्हींच्या डोक्यावरचं नावही जाणार. एवढं सगळं मोडायला चार ओळी पुरल्या. त्यातली चौथी म्हणजे नुसती सही.

सिगर्डसन दुकान उघडं टाकून वर आले. ते विभागाचे अध्यक्ष, आणि रिंकसमोर त्यांचं खिळेमोळ्यांचं दुकान आहे.

"रडणार आहेस का?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"नाही."

"मग लिही. विभागाचा इतिहास. चौसष्ट पानं. एकवीस मार्चला छापखान्यात जायला हवा. सव्वीसला विभागाचा शेवटचा सामना, तेव्हा लोकांच्या हातात."

"मी लिहू?"

"मग काय मी? मला खिळ्यांची यादी धड लिहिता येत नाही."

रिंकच्या वरच्या या खोलीत मी एकोणीस वर्षं बसते आहे. सामन्यांच्या तारखा मी लावते, पंचांची भांडणं मी मिटवते, विभागाचा कप मी पुसते. त्याआधीची वीस वर्षं मी प्रेक्षकांत होते, पहिली काही तर बाबांच्या मांडीवर. हा इतिहास माझ्याइतका कुणालाच माहीत नाही. ही बढाई नाही. टॅमरॅक गावात दुसरं कुणी एवढं रिकामं नव्हतं.

१५ जानेवारी, शुक्रवार

पहिलं प्रकरण झालं. एका बैठकीत.

एकोणपन्नासच्या जानेवारीत सहा क्लबांचे सहा चिटणीस एकाच आगगाडीतून चालले होते. हिमवादळात गाडी मिंक नॅरोज गावाच्या अलीकडे अडकली, ती एकतीस तास. फावड्यांची गाडी येईपर्यंत डब्यातला कोळसा संपला, सॅंडविचं संपली आणि विभाग तयार झाला. नावावरून मात्र हमरीतुमरी झाली. शेवटी तिकीट तपासनिसाने खिडकीबाहेर बघून "झाडी आणि माळ, हा सगळा पार्कलँडच ना," म्हटलं, आणि तेच ठरलं. आमच्या विभागाचं बारसं तिकीट तपासनिसाने केलं, हे वाक्य मला फार आवडलं. ठेवणार आहे.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत नेहमीप्रमाणे रिंकवर उतरले. शुक्रवारी दुपारी बर्फ दरवेळी नुकतंच धुतलेलं, आरशासारखं असतं. माझं नशीब चांगलं. स्केट्सना अँब्रोज डेलॉर्मने न सांगता धार लावून ठेवली होती. खालच्या खोलीत तो संघाच्या स्केट्सना धार लावतो. तसा हात तिन्ही गावांत कुणाचा नाही. पण त्या खोलीत कुणी गप्पा मारत बसत नाही.

ते प्रकरणही लिहावं लागणार.

विभागाचा कप जिंकणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही, ही आमची रीत. त्यानंतर दक्षिण विभागाच्या विजेत्याशी अंतिम लढत असते, लीगच्या मोठ्या कपासाठी. लहान कप उचलला तर मोठा मिळत नाही, अशी समजूत. म्हणून बर्फावर गालिचा अंथरून टेबल मांडतात, कप ठेवतात, कर्णधार येऊन शेजारी उभा राहतो, हात मागे. फोटो होतो. मग मी कप घोंगडीत गुंडाळून वर आणते. एकोणचाळीस वर्षांत एकाच कर्णधाराने तो उचलला. आमच्याच. एकसष्ट साली, सेंट ओडीलला हरवल्यावर, त्यांच्याच रिंकवर. अँब्रोजने.

मग आम्ही अंतिम लढतीतले चारही सामने हरलो, चार-शून्य. चौथ्या सामन्यात खेळाडूंची दुखणी बघणारा आमचा ट्रेनर बाकावरच कोसळला आणि गेला.

ते माझे बाबा.

२९ जानेवारी, शुक्रवार

पंचावन्नपर्यंत पोचले. दिवसाला दोन पानं होतात. टाइपरायटरचा ठोका पडला की आपणच सगळं घडवून आणतोय असं वाटतं.

संध्याकाळी आईला वाचून दाखवलं. ती बीटच्या सूपसाठी बीट किसत होती, हात कोपरापर्यंत लाल.

"बाबांचं कुठे आहे यात?"

"येईल. त्रेपन्नला ते ट्रेनर झाले ना."

"लिही, की त्याच्या खांद्यावर कायम टॉवेल असायचा. डाव्या. लग्नाच्या फोटोतही असता, मी ओढून काढला म्हणून नाही."

"लिहिते."

"आणि त्या माणसाचं?"

आई नाव घेत नाही. गावात उलट आहे, नावाचं क्रियापद झालंय. भट्टीतून पूर्ण निघण्याआधी पाव तोडला की म्हणतात, डेलॉर्म केलास. निकाल लागायच्या आधी पेढे वाटावेत तसं काही केलं की डेलॉर्म. लहान पोरं तळ्यावर खेळताना ओरडतात, "हात मागे, नाहीतर डेलॉर्म होशील." त्यांतल्या निम्म्यांना ठाऊकही नसेल की डेलॉर्म नावाचा जिवंत माणूस त्यांच्याच स्केट्सना धार लावतो.

"त्याचं एक पान असेल," मी म्हटलं.

"एक ओळ पुरे. हात लावला, हरलो, माझा माणूस गेला. तीन गोष्टी एका ओळीत बसतात."

५ फेब्रुवारी, शुक्रवार

आज धीर करून अँब्रोजच्या खोलीत गेले. चाक फिरत होतं, ठिणग्या उडत होत्या. मला बघून त्याने चाक थांबवलं. एवढं तो कर्णधारासाठीही करत नाही.

"पुस्तकासाठी विचारायचं होतं," मी म्हटलं. "एकसष्टबद्दल."

"काय विचारायचं त्यात? सगळ्यांना माहीत आहे."

"तुम्ही का उचललात?"

तो पात्यावर अंगठा फिरवत राहिला. "जड नव्हता," म्हणाला.

"हे उत्तर झालं?"

"मग लिही, की गाढव होतो. सव्वीस वर्षांचा होतो, म्हणजे तेच." मग हसला. "लेनोर, एक ओळ लिही आणि पुढे जा. बासष्ट साल चांगलं होतं. मिंक नॅरोजची ती जुळी भावंडं आठवतात का? पंचाला कळायचंच नाही कुणाला बाहेर काढलं. बासष्टला दोन पानं दे."

बासष्टला तो आमच्यात नव्हता. क्लबने त्याला पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत मिंक नॅरोजला देऊन टाकलं होतं. परत आला तो खेळणं सुटल्यावर.

निघताना म्हणाला, "डाव्या बुटाची लेस झिजलीय तुझी. बदलून ठेवतो."

त्याला कुणाचीही लेस दिसते. धंद्याची सवय.

११ फेब्रुवारी, गुरुवार

आज पुस्तकाच्या शेवटी द्यायचा तक्ता केला. साल, विभागाचा विजेता, अंतिम लढतीचा निकाल. तीन रकाने. कंटाळवाणं काम म्हणून मागे ठेवलं होतं.

तक्ता पुरा झाल्यावर बघत बसले. एकोणचाळीस वर्षांत पार्कलँडच्या विजेत्याने मोठा कप पंधरा वेळा जिंकला. चोवीस वेळा हरला. चोविसांतल्या एका वेळी कपाला हात लागला होता. उरलेल्या तेवीस वेळा हात मागे बांधूनच हरलो.

हे कुणीच कसं मोजलं नाही? मी कसं मोजलं नाही? एकोणीस वर्षं हेच कागद माझ्या कपाटात आहेत.

सिगर्डसनना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली केला.

"बरोबर आहे गणित."

"मग?"

"मग काही नाही. चर्चमध्ये बसून गणित करू नये, लेनोर."

"चार-शून्य तर बावन्नला, अठ्ठावन्नला आणि सत्तरलाही हरलो आपण. तेव्हा कुणाला बोल लावला?"

"बावन्नला पंचाला. अठ्ठावन्नला गोलरक्षकाच्या बायकोला. सत्तरला मला." ते उठले. "पण मी मेटी नव्हतो आणि माझं दुकान होतं. मला दोन वर्षांत सोडलं."

ते गेल्यावरही ते वाक्य खोलीतच राहिलं. अँब्रोज मेटी आहे, म्हणजे मूळनिवासी आणि फ्रेंच अशा मिश्र वंशाचा, नदीपलीकडच्या वस्तीतला. गावाला बोट दाखवायला तो सोपा होता. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे, आणि माझं वय चव्वेचाळीस.

२० फेब्रुवारी, शनिवार

सेंट ओडीलला जाऊन आले. एकशे दहा किलोमीटर, रस्ता काचेसारखा. एकसष्टला त्यांचा कर्णधार असलेला ओनेसिम ब्वावेर अजून ठणठणीत आहे. दुधाचा धंदा मुलाकडे, स्वतः स्वयंपाकघरात बसून सगळ्यांना हुकूम सोडतो. त्याच्या बायकोने वाटाण्याचं सूप आणि साखर भरून भाजलेली पाई पुढे ठेवली.

"टॅमरॅकवाल्यांना आता आमची आठवण आली," ओनेसिम म्हणाला. "चाळीस वर्षं आमची हाडं मोडलीत, आता इतिहास पाहिजे."

"तुम्ही आमची मोडली ती पण लिहिणार आहे."

"मग दोन पुस्तकं काढ."

त्याच्याजवळ एकसष्टचा फोटो आहे. आमच्या गावात त्या दिवसाचा एकही फोटो नाही. क्लबच्या वार्षिक अंकांतही साठ झालं की एकदम बासष्ट. हा त्यांच्या पाद्र्याने काढलेला. कडा पिवळ्या पडल्यात, पण आतलं सगळं लख्ख आहे. अँब्रोज मधोमध, कप डोक्यावर. मी त्याला इतकं तरुण कधी पाहिलंच नव्हतं. म्हणजे पाहिलं असणार, पण बघितलं नव्हतं. उजव्या बाजूला कुणीतरी त्याच्याबरोबर कप धरलाय. तोंड कपाआड गेलंय, नुसती हनुवटी दिसते. खेळाडू नाही, हातात मोजे नाहीत. खांद्यावर काहीतरी पांढरं आहे. बहुधा सेंट ओडीलचा कुणी माणूस असावा. फोटोखाली नाव द्यायला शोधून काढावं लागेल.

"हा कोण?" मी विचारलं.

ओनेसिमने माझ्याकडे बघितलं, मग बायकोकडे. "तुझं आडनाव काय म्हणालीस?"

"बाझियुक."

"पाई घे अजून," बायको म्हणाली.

फोटो मात्र त्याने दिला. नेऊन छाप, म्हणाला, पण पूर्ण छाप. कापू नको.

२४ फेब्रुवारी, बुधवार

शनिवारी मी इथे खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत.

खांद्यावरचं पांढरं काय आहे ते मला त्या स्वयंपाकघरातच कळलं होतं. डाव्या हाताच्या अनामिकेचं टोक नव्हतं तेही दिसलं होतं. करवतीने गेलेलं ते बोट धरून मी चालायला शिकले. सेंट ओडीलचा कुणी माणूस. काय लिहिलं मी हे.

आज ऑफिसातून ओनेसिमला फोन केला. "आता सांगा," म्हटलं.

"तुला खरंच कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"सामन्यानंतर हस्तांदोलनाच्या रांगेत मी पहिला होतो, हातभर अंतरावर. तुमचा कर्णधार हात मागे बांधून उभा होता, शहाण्यासारखा. तुझा बाप टॉवेल घेऊन आला आणि म्हणाला, 'उचल रे, अँब्रोज. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?' पोरगा म्हणाला, 'नको, पीटर, गाव मारेल.' तर तुझ्या बापाने स्वतःच खालून हात घातला. अर्धा वर गेला, तेव्हा पोराने धरला. एकटा माणूस धडपडेल म्हणून धरला, असं मला वाटलं. नंतर दोघंही हसायला लागले."

"तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"कुणाला? आम्ही हरलो होतो. हरलेल्याला कोण विचारतं? आणि तुमचा डेलॉर्मच गप्प बसला म्हटल्यावर मी कोण?"

फोन ठेवल्यावर मी कपाट उघडून कप पुसत बसले. पुसायची वेळ झाली नव्हती.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

फोटो घेऊन खाली गेले. अँब्रोजने हात पुसले, फोटो घेतला, खिडकीजवळ नेला.

"ओनेसिमकडे होता वाटतं."

"तुम्ही का नाही सांगितलंत?"

"केव्हा सांगायचं होतं?" त्याचा आवाज अगदी साधा होता. "नऊ दिवसांत पीटर गेला. तुझी आई बाकाशी उभी होती, तिला दोन माणसांनी धरलं होतं. तिला जाऊन सांगायचं, की बाई, तो हात तुमच्या माणसाचा? त्या बाईला कुणावर तरी रागवायला हवंच होतं. मी धडधाकट होतो."

"सत्तावीस वर्षं?"

"पहिली पाच जड गेली. नंतर सवय होते. मिंक नॅरोजमध्ये तर मला सूपही फुकट मिळायचं, टॅमरॅकला बुडवणारा म्हणून."

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "हे छापणार आहे मी. पूर्ण फोटो, दोन्ही नावं."

"नको."

"का?"

"तुझी आई बहात्तरची आहे. तिला राग माझा येतो ते तिला झेपतं. पीटरचा आला तर झेपेल का?" त्याने फोटो परत दिला, कडांना धरून, बोट न लावता. "इतिहास तू लिहितेस, तू ठरव. पण मी सांगतोय, नको."

१ मार्च, मंगळवार

काही लिहिलं नाही. पुस्तक शहाऐंशीपर्यंत आलंय, एकसष्टचं पान कोरं आहे.

८ मार्च, मंगळवार

डायरीत तरी सगळं लिहावं.

बाबांना पुरल्याच्या चौथ्या दिवशी अँब्रोज आमच्या दारी आला होता. इस्त्रीचा शर्ट, हातात बाबांची हत्यारांची पेटी: कात्री, पट्ट्या, मलमाची बाटली. रिंकवर राहिलेली आणून द्यायला आला होता. दार मी उघडलं. सतरा वर्षांची होते. मी पेटी घेतली आणि त्याच्या तोंडावर दार लावलं. आईने सांगितलं नव्हतं, माझं मीच. त्या वेळी फार बरं वाटलं होतं, हेही लिहायला हवं. ती पायरी त्याने पुन्हा कधी चढली नाही.

आणि मी इतकी वर्षं समजत होते की मी त्याच्याशी चांगलं वागते. गुड मॉर्निंग म्हणते म्हणून.

सिगर्डसन विचारून गेले, "एकसष्ट कुठाय?" मी म्हटलं, सोमवारी. ते म्हणाले, "कुठला सोमवार?"

माझी भीती आईच्या रागाची नाही. तिच्याजवळ बाबांच्या फार थोड्या गोष्टी उरल्यात आणि त्यांत हा राग एक आहे. रोज वापरातला. तो काढून घ्यायचा तर जागी काय ठेवायचं?

पण त्या फोटोत बाबा हसताहेत. हनुवटीवरूनसुद्धा कळतं. तो फोटो तिच्यापासून लपवणारी मी कोण?

१३ मार्च, रविवार

सांगितलं.

चर्चमधून आल्यावर, सूप व्हायच्या आधी. फोटो टेबलावर ठेवला आणि ओनेसिमचे शब्द जसेच्या तसे सांगितले. आईने भिंग आणायला लावलं. मग ती भिंग फोटोवरून सरकवत राहिली, अँब्रोजवर थांबलीच नाही, थेट उजव्या कडेला गेली. बोटाशी थांबली.



"हा माणूस," आई म्हणाली, "असाच होता."

तिने भिंग पुसून पुन्हा बोटावर धरलं.

"नाताळच्या उपासाला पहिला तारा दिसेपर्यंत घास घ्यायचा नाही. हा दुपारी तीन वाजताच गव्हाच्या खिरीत बोट घालायचा. विचारलं तर म्हणायचा, ढगामागे आहे तारा, मला दिसला. अठरा वर्षं तारा यालाच आधी दिसायचा." तिने भिंग खाली ठेवलं. "मला हे कळायला हवं होतं. दुसरा कुणी असं करणारच नाही."

"रागावलीस?"

"हो. फार." ती उठली, सूपचा गॅस बारीक केला, परत बसली. "त्याच्यावर नंतर रागावते, तो कुठे जात नाही. दुसऱ्याचं काय करू, लेनोर? सत्तावीस वर्षं मी त्या माणसाला बघून रस्ता ओलांडते. बर्फातसुद्धा. दोनदा पडले."

"त्याला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तू का ओलांडतेस ते. म्हणून तर तो बोलला नाही."

आई म्हणाली, "तुझ्या स्केट्सना दर शुक्रवारी फुकट धार कोण लावतं?"

"अँब्रोज. सगळ्यांच्या लावतो तो."

"बरं," आई म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पोरकट काहीतरी बोलले. बीट किसायला घेतला. यात काय होतं कुणास ठाऊक.

१८ मार्च, शुक्रवार

आई आज रिंकवर आली. एकसष्टनंतर पहिल्यांदा. मला न सांगता शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये बसून आली, काठी टेकत, चर्चचा कोट घालून. मी जिन्यावरून पाहिलं तेव्हा ती धार लावायच्या खोलीच्या दारात पोचली होती.

आत चाक थांबलं.

मी खाली धावले. अँब्रोज उभा होता, अंगावर लोखंडाची पूड. आईला बघताच त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले. फोटोतले सगळे कर्णधार उभे असतात, अगदी तसे.

"हात पुढे घे," आई म्हणाली. "मी काही कप नाही."

त्याने हात पुढे घेतले. कुठे ठेवायचे कळेना, म्हणून फडक्यात गुंडाळले.

"बसा, मिसेस बाझियुक." त्याने स्टुलावरच्या स्केट्स खाली ठेवल्या, स्टूल दोनदा पुसलं.

आई बसली. काठी मांडीवर आडवी घेतली. मला वाटलं आता ती माफी मागेल, किंवा रडेल, किंवा ओरडेल. मी तिन्हींसाठी तयार होते.

"तेव्हा तिथे त्याच्याजवळ तूच होतास," ती म्हणाली. "मी वर बसले होते, खांबाआड. मला काही दिसलं नाही. सांग."

"काय सांगू?"

"सगळं. पहिल्यापासून. त्याने काय म्हटलं, कसं म्हटलं."

"फार वर्षं झाली."

"आठव. मला घाई नाही."

अँब्रोज समोरच्या खोक्यावर बसला. म्हणाला, "आधी त्यांनी दात काढले."

"दात?"

"पुढचे दोन. लावलेले. जोरात हसताना पडतात म्हणून हसायच्या आधी काढून ठेवायचे."

"बनियनच्या खिशात," आई म्हणाली. "धुताना मला सापडायचे." आणि ती हसली. मोठ्याने नाही, पण खांदे हलले. "म्हणजे त्याने आधीच ठरवलं होतं. दात काढले म्हणजे हसायचं ठरवलं होतं."

"हो," अँब्रोज म्हणाला, जणू हे त्यालाही आत्ताच कळत होतं. "ठरवूनच आले होते."

"मग?"

दोघांनाही माझी गरज नव्हती. मी वर आले, टाइपरायटरला कागद लावला आणि एकसष्टचं पान लिहिलं. इतके दिवस अडलेलं पान वीस मिनिटांत झालं. फोटो पूर्ण पानभर, कुठेही न कापता. खाली ओळ:

"सेंट ओडील, वसंत १९६१. पार्कलँड विभागाचा कप उचलताना टॅमरॅकचे ट्रेनर पीटर बाझियुक (उजवीकडे) आणि त्यांना सावरणारे कर्णधार अँब्रोज डेलॉर्म."

तक्ता समोरच्या पानावर घेतला, एकोणचाळीस वर्षांचा. त्यावर एक शब्दही लिहिला नाही. तीन रकाने वाचता येतात लोकांना.

सिगर्डसननी उभ्याउभ्या वाचलं. परत वाचलं.

"यावर गावात दंगा होईल," ते म्हणाले.

"होऊ दे. सव्वीसला तीन गावांचे लोक एका छपराखाली आहेत. दंगा करायला याहून चांगली जागा नाही."

त्यांनी कागद खिशात घातला आणि स्वतः छापखान्यात द्यायला निघाले. तीन दिवस आधी.

पाच वाजता खाली गेले. संध्याकाळी सामना होता, आणि धार लावायच्या खोलीबाहेर आमचा आत्ताचा कर्णधार स्केट्स हातात घेऊन अवघडून उभा होता. आत आई बोलत होती. अँब्रोजने हातवारे करून तिला काहीतरी दाखवलं, ती मान हलवत म्हणाली, नाही, त्याचा डावा हात वर असणार, उजवा नाही.

"काकू," कर्णधार म्हणाला, "माझ्या पात्यांना धार..."

आईने मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांब बाळ," ती म्हणाली. "आमचा अजून कप वर गेला नाही."